काळा उंट आणि वैकिकीचा किनारा

होनोलुलूस जाणारा प्रवासी वैकिकीचा किनारा पाहिल्यावांचून परतत नाहीं. आम्हींहि तो पाहिला; परंतु आमचें लक्ष समुद्रापेक्षां कांठावरील गुलाबी रॉयल हवाईयन हॉटेलाकडेच अधिक होतें. १९२७ सालीं उघडलेल्या या वास्तूच्या परिसरांत फॉक्स कंपनीनें 'द ब्लॅक कॅमल' या १९३१ च्या बोलपटाचीं बाह्यदृश्यें टिपलीं. चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या मालिकेंतील हा आरंभींचा बोलपट. ही मालिका पुढें १९४९ पर्यंत चालली व तींत चाळीसांहून अधिक चित्रपट निघाले.

मृत्यु हा एक काळा उंट असून तो न बोलावतां प्रत्येकाच्या दारीं येऊन गुडघे टेकतो, अशा अर्थाच्या पौर्वात्य म्हणीवरून हें नांव आलें. आपल्याकडे यमधर्म रेड्यावर बसून येतो. वाळवंटांत रेडा कोठून मिळावा! कथा होनोलुलूस आलेल्या एका नटीच्या खुनाची. रहस्य बेताचेंच, असें आमचें मत. परंतु वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्यें जन्मलेल्या नटानें चॅनचें सोंग घेतलेल्या पहिल्या पांच चित्रपटांपैकीं हा एकटाच वांचला, बाकीचे चार नष्ट झाले. त्यामुळें उंच इमारती उठण्यापूर्वींचा वैकिकी पाहण्यास ही फीत मोलाची आहे.

आम्हीं वांकडी वाट केली ती मात्र मानोआच्या खोऱ्यांतील चिनी स्मशानभूमीसाठीं. येथें चँग अपाना विसावला आहे. अर्ल डेर बिगर्स यांनीं १९२५ सालच्या कादंबरींत चॅनला प्रथम आणलें, तो याच्यावरूनच, असें होनोलुलूकर मानतात. लेखकास तें मान्य नव्हतें. साम्य थोडेंच. चॅन लठ्ठ, सौम्य, सुभाषितें बोलणारा. अपाना जेमतेम पांच फूट उंचीचा, किडकिडीत, पूर्वाश्रमीचा गुराखी. पिस्तुलाऐवजीं तो चाबूक बाळगी, व एकदां त्यानें एकट्यानें पुष्कळ जुगारी पकडून नेले, असें सांगतात. चित्रीकरण चाललें असतां तो तेथें गेला होता. ओलंडबरोबरचें त्याचें छायाचित्र उपलब्ध आहे. खरा चिनी शिपाई उभा, आणि शेजारीं चिन्याचें सोंग घेतलेला गोरा नट! त्या सोंगास जगभर कीर्ति मिळाली. अपानाचें नांव मात्र होनोलुलूबाहेर किती जणांस ठाऊक असेल?

बिगर्स व अपाना दोघेहि १९३३ सालींच निवर्तले. ज्या वाचकांचे मुलगे अमेरिकेंत आहेत, त्यांनीं तिकडे गेल्यास ही टेंकडी अवश्य चढावी. मात्र छत्री बरोबर असूं द्यावी. मानोआंत पाऊस कधीं येईल याचा नेम नसतो.