बोटांच्या सरावातून जन्मलेले गाणे

१/ ‘डस्ट इन द विंड’ प्रथम ऐकले तेव्हा वाटले, यामागे एखादा मोठा शोक असणार. इतिहास वाचणाऱ्याची ही खोडच. मोठ्या परिणामामागे तो मोठेच कारण शोधतो.

२/ प्रत्यक्षात ‘कॅन्सस’ या अमेरिकी रॉक बँडचा गिटारवादक केरी लिव्हग्रेन बोटांनी तारा छेडण्याचा सराव करीत होता. ती सुरावट पत्नीने ऐकली आणि तिला शब्द देण्याचा आग्रह धरला. आयुष्याच्या क्षणभंगुरतेचा विषय त्याला अमेरिकेतील मूलनिवासींच्या काव्यात गवसला.

३/ कॅन्ससची ख्याती दीर्घ, गुंतागुंतीच्या रचनांची. हे साधे, ड्रमविरहित गाणे बँडला शोभणार नाही, असे खुद्द कर्त्यालाच वाटे. सहकाऱ्यांनी मात्र ते उचलून धरले आणि १९७७ च्या ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ या अल्बममध्ये घेतले.

४/ १९७८ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत सहाव्या स्थानी पोहोचले. पहिल्या दहांत गेलेले बँडचे ते एकमेव गाणे.

५/ शोक सापडला नाही म्हणून मी आधी खट्टू झालो. पण ऐकणारे कोणी नसते, तर ती सुरावट सरावातच विरली असती. तेव्हापासून कोणतीही कलाकृती अभ्यासताना तिचा पहिला श्रोता कोण, हेही मी शोधतो.