नावातच ओले

येलहंकेत घर गरम ठेवण्याची विद्या कुणाला फारशी अवगत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचा हा मुलूख. डिसेंबरात तळ्यावरून वारा सुटला, की पहाटे तांबड्या सिमेंटच्या जमिनीवर पाऊल ठेववत नाही. तरी खोलीत शेगडी ठेवावी असे कुणाच्या मनात येत नसे. ऊब मिळायची ती अंघोळीच्या पाण्यातून. शेजारच्या कानडी घरांत त्यासाठी न्हाणीच्या चुलीवर बसवलेला तांब्याचा हंडा असे, आमच्याकडे साताऱ्याहून आलेला बंब.

१९८६ साली मी सुधारलेल्या चुलीचा घाट घातला. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या गटाने ती तयार केली होती : खाली जाळी, बंद पोट, वर तीन भांडी आणि धूर बाहेर नेणारे धुराडे. आईचा खोकला मला ऐकवत नव्हता. कानडीत चुलीला ‘ओले’ म्हणतात, ते ऐकून आई म्हणाली, “अरे, नावातच ओले! ती पेटायची कशी?”

चूल पेटली, आणि उत्तम पेटली. महिनाभर भिंतीवर काजळी धरली नाही. पुढे मात्र आई पुन्हा परसातल्या जुन्या चुलीपाशी दिसू लागली. मी तिला उष्णतेचा हिशेब समजावून सांगितला. उघड्या चुलीत लाकडाचा किती भाग वाया जातो, हे जरा चढ्या आवाजातच सांगितले. (सुशिक्षित मुलगा आईला शिकवू लागला म्हणजे त्याला आवाजाचे भान राहत नाही.) बंबालाही धुराडे आहेच ना, मग त्याचे एवढे कौतुक का, असेही विचारले.

“बंब काहीही खातो,” ती म्हणाली. “सोडणे घाल, करवंट्या घाल, ओंडका घाल. तुझ्या चुलीचे तोंड एवढेसे. तिला बोटभर ढलप्या लागतात. त्या कोण पाडतो?”

तिने हात पुढे केला. तळव्यावर कोयत्याचे फोड होते. मी कचेरीत असताना रोज दुपारी ती लाकूड फोडीत होती, आणि माझ्या हिशेबात लाकूड होते, फोडणारा हात नव्हता.

त्या रविवारपासून कोयता माझ्याकडे आला. चूल दोन हिवाळे चालली; मग गॅस आला. आईचा खोकला मात्र पुरता गेला नाही. बंब अजून गच्चीत, सौर पाणीतापकाच्या शेजारी उभा आहे. त्यात आता कढीपत्ता लावला आहे.