नाकाचं देणं

धर्माबादच्या मिरची बाजारात मुनीम म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांची येणीदेणी लिहिली. माझं स्वतःचं एक देणं मात्र कुठल्याच खात्यावर चढलेलं नाही. ते फिटायचंही नाही, म्हणून निदान लिहून ठेवतो.

हंगामात अडतीवर माल पडून असला की आम्ही रात्री पोत्यांशेजारीच अंग टाकायचो. एक दिवस सकाळी आमच्या हमालमामांनी मला बाजूला घेतलं. "मुनीमजी, घोरता घोरता तुमी मधीच गप होता. दमच लागत न्हाई. मग एकदम दचकून उठल्यावानी करता. हे बरं न्हाई." घरच्यांना घोरणं सवयीचं झालं होतं, मधलं गप होणं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दिवसा पट्टी लिहिताना डुलकी लागायची, तिचं खापर वयावर फुटायचं. मामांनी पिच्छाच पुरवला, तेव्हा नांदेड गाठलं.

तपासणीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला, तोही तीव्र. तासाला ३० हून जास्त वेळा श्वास अडत असेल तर तीव्र म्हणतात. डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ७.५ टक्के पुरुषांना हा आजार आढळला. म्हणजे आमच्या बाजारातही मी एकटा नसणार.

हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन घरी आलं. मिरचीच्या खाटानं माझं नाक कायम चोंदलेलं, म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळाला. दाब वाढत वाढत १५ वर गेला. हा आकडा सेंटिमीटर पाण्याचा. म्हणजे वीतभरही उंच नसलेल्या पाण्याचा जेवढा भार, तेवढाच. ऐकायला किरकोळ, पण रात्रभर तोंडावर सोसून बघा. कडेनं हवा फुसफुसायची, मी पट्टे आवळायचो, सकाळी गालावर वळ. आता मशीन माळ्यावर टाकायचं, असं मनात पक्कं झालं होतं.

त्याच सुमारास मशीनच्या दुकानातलं बिलोलीकडचं एक पोरगं तपासायला घरी आलं. सगळे आकड्याकडे बघत होते, यानं चेहऱ्याकडे बघितलं. "काका, मास्क लावून आडवे पडा." मग बाजूनं मोबाइलवर फोटो काढला. पट्टे सैल केले, पुन्हा काढला. दोन्ही फोटो शेजारी धरून दाखवले: पट्टे आवळलेल्या फोटोत माझी हनुवटी चांगलीच मागं गेलेली. "हनुवटी मागं गेली की जीभ मागं जाते, वाट अरुंद होते. मग मशीनला जास्त दाब लागतो, दाब वाढला की गळती, गळती झाली की तुम्ही परत आवळता." दुसरी गोष्ट अशी, की हवा फक्त नाकातून गेली तर ती पडजीभ आणि जीभ पुढं ढकलून वाट मोकळी ठेवते. तोंडातूनही तेवढीच हवा शिरली तर हा जोर राहत नाही. म्हणून तोंडासकट झाकणाऱ्या मास्कला बहुधा जास्त दाब लागतो.

आकड्याला मात्र त्यानं हात लावला नाही. "तो डॉक्टर बदलतील. आधी नाक बघून घ्या." नाकाचा इलाज झाला, नाकापुरता मास्क आला आणि तो लावूनच दाब नव्यानं ठरवला: १०. ओठावर मास्क नीट बसेना म्हणून मिश्या उतरवाव्या लागल्या. आमच्या घरी यावर अजून हसतात.

या उपचाराची सुरुवातही नाकापासूनच झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन यांनी हा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरची हकिकत 'लॅन्सेट'मध्ये छापली. त्याआधी गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा उपाय होता. सुरुवातीचे मास्क रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन करत आणि रोज रात्री चिकटवून बसवत. सकाळी ते सोलून काढणाऱ्या त्या माणसांचंही माझ्यावर देणं आहेच.

मग मी गावभर नाकाच्या मास्कचा प्रचारक झालो. गल्लीतल्या एका गुरुजींना मशीन मिळालं, तेव्हा त्याच पोराला बोलावलं आणि मीच आधी सांगून टाकलं, "यांना पण नाकाचाच दे." त्यानं गुरुजींचं नाक बघितलं, एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावला. एका बाजूनं हवाच जात नव्हती. "काका, हे झोपेत तोंड उघडणारच. यांना मोठाच मास्क बरा. फक्त दाब तोच मास्क लावून ठरवू द्या, आणि पुढं मास्क बदलला तर पुन्हा तपासून घ्या." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गुरुजी त्या मास्कवर निवांत झोपतात.

त्या पोराला येण्याजाण्याचे पैसे देऊ केले तर घेईना. आमच्याकडचं तिखट बांधून दिलं. पुढच्या खेपेला म्हणाला, "आई म्हणते, पाठवायचंच असेल तर कमी तिखट पाठवा." धर्माबादेत कमी तिखट शोधतो आहे.