शेपटीवाली क्रियापदे

इंग्रजी भाषेने आम्हा मराठी माणसांना ज्या अनेक प्रकारांनी छळले, त्यांत स्पेलिंगचा क्रमांक पहिला, असे बहुतेक लोक समजतात. मला तसे वाटत नाही. स्पेलिंग पाठ करता येते. हल्ली तर खिशातला फोनच ते सुधारून देतो. खरा छळ करतात ती शेपटीवाली क्रियापदे. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढे पोर शाळेत शिकते. पुढे कळते की 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आऊट' म्हणजे आग विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे मुकाट्याने सोसणे. ठेवणे कुठल्या कुठे राहिले! तर्खडकरांची पाठमाला ज्यांच्या घरी पोथीशेजारी असे, त्या पिढीचीही या शेपट्यांपुढे गाळण उडे.

आळंदीत आमच्या ओटीवर संध्याकाळी चार-सहा तरुण मुले इंग्रजी शिकायला बसतात. कुणी मराठवाड्यातला, कुणी खानदेशातला. खोली आळंदीत, नोकरी चाकणच्या कारखान्यात. मी त्यांना एकच युक्ती सांगतो. क्रियापदाकडे फार पाहू नका, शेपटीकडे पाहा. आणि विचारा, कोण कुठून कुठे गेले? 'ओव्हर' दिसले की बहुधा काहीतरी या हातातून त्या हातात गेले. पाळी संपताना यंत्र पुढच्या माणसाच्या स्वाधीन करायचे ते 'हँड ओव्हर', त्याने ते ताब्यात घ्यायचे ते 'टेक ओव्हर'. 'ऑफ' म्हणजे चिकटलेले सुटले. 'डाऊन' म्हणजे चालते होते ते खाली बसले. 'आऊट' म्हणजे आतले बाहेर. पट्टा झिजून निकामी झाला की 'वेअर आऊट', त्याच्यातला जीवच बाहेर गेला म्हणा ना! युक्ती दर वेळी लागू पडते असे नाही, पण पुष्कळदा पडते.

ही चाल आपल्याला परकी वाटते, याला कारण आहे. एखादा माणूस इंद्रायणीत उडी टाकून पैलतीराला लागला, तर इंग्रजी भाषा पोहण्याला मुख्य क्रियापद करील आणि पलीकडे जाणे इवल्याशा 'अक्रॉस'मध्ये बसवील. आपण म्हणू, 'त्याने पोहून नदी ओलांडली.' ओलांडणे महत्त्वाचे, पोहणे त्याच्या मागून. लेनर्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तर जगातल्या भाषांची वाटणी याच कसोटीवर केली आहे: वाट क्रियापदात सांगणाऱ्या भाषा एकीकडे, ती शेपटीत सांगणाऱ्या दुसरीकडे.

पण आपल्याकडे शेपट्या नाहीत असे मात्र कुणी समजू नये. आपण क्रियापदालाच दुसरे क्रियापद जोडतो. 'लिहून घे' आणि 'लिहून दे' यांत कागद कुणाच्या कामाचा, ते ठरते. 'देऊन टाक' म्हटले की वस्तूवरची माया तुटते. आणि 'बंद'चे पाहा. यंत्र बंद पडते तेव्हा कुणाकडे बोट दाखवता येत नाही. बंद करतात तेव्हा करणारा कुणीतरी असतो. आणि बंद ठेवतात तेव्हा त्याच्या मनातही काहीतरी असते. 'ब्रेकडाऊन' आणि 'शटडाऊन' यांतला भेद मुलांना याच वाटेने पटकन कळला.

हा सगळा व्याकरणाचा खेळ आहे असे वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात यांतल्या एका मुलाची आई गावाहून आली होती. मुलगा फोनवर मित्राला सांगत होता, "उद्यापासून लॉकआऊट. सगळ्यांना कुलपं दिलीत." ते ऐकून ती तशीच आमच्याकडे आली.

"गुरुजी, याची कंपनी बंद पडली का हो?"

तिचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात ते गावी परतले, ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. अशा घरात कारखाना आणि कुलूप हे शब्द एका वाक्यात आले की पोटात गोळा येतो. त्यात २०२० साली वर्तमानपत्रांनी 'लॉकडाऊन'लाही 'टाळेबंदी' म्हटले; आणि 'लॉकआऊट'साठी तोच शब्द आधीपासून होता. एकात माणसे घरात कोंडलेली, दुसऱ्यात कामगार दाराबाहेर उभा. 'डाऊन' आणि 'आऊट' आम्ही एकाच टाळ्यात घातले!

मुलाने खिशातून एक लाल कुलूप काढून आईच्या हातावर ठेवले. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालण्यापूर्वी वीज तोडायची, खटक्याला आपले कुलूप लावायचे, त्यावर नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काम संपवून आपण कुलूप काढीपर्यंत दुसऱ्या कुणाला यंत्र सुरू करता येत नाही. हेही 'लॉकआऊट'च. शेपटी तीच, पण दाराबाहेर ठेवली ती वीज, माणूस नव्हे.

माऊलीने कुलूप उलटसुलट करून पाहिले. "मग रोज लावत जा रे बाबा. कंटाळा करू नकोस," एवढेच ती म्हणाली.

'ले-ऑफ'ची गतही अशीच. आपल्या कामगार कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ मालकाला तात्पुरते काम देता येत नाही असा. नाव हजेरीपटावर राहते आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. अमेरिकेत हाच शब्द ऐकलेला माणूस बहुधा दुसरी नोकरी शोधायला लागतो. 'ऑफ' म्हणजे सुटणे खरे, पण किती दिवसांसाठी, हे शेपटी सांगत नाही. म्हणून मुलांना मी बजावतो, सही करण्यापूर्वी शेपटी पाहा, आणि ती कुठल्या देशातली आहे तेही पाहा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते की, त्या कायद्याखाली लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही असाव्यात. ज्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्यांनी समाधी घेतली ती याच आळंदीत. मग चार ओळींच्या सूचनेचे काय मोठेसे! परवा मुलांना 'लॉकआऊट'चे मराठी करायला सांगितले. 'टाळेबंदी' कुणीच लिहिले नाही. त्या कुलूपवाल्या मुलाने लिहिले, 'वीज तोडा. कुलूप लावा. किल्ली खिशात ठेवा. मग हात घाला.'

कागद त्याने घडी करून नेला आहे. यंत्रापाशी लावायची परवानगी साहेबांकडे मागणार आहे.