आमच्या धुऱ्यावरचा बिबळ्या

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेथे बिबट्या राहतो. आमच्या वावराच्या धुऱ्यावरही एक बिबळ्या राहतो. पण तो चावत नाही, कारण ते फुलपाखरू आहे. त्याचे नाव बिबळ्या कडवा. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. इजिप्त देशात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका चित्रात हेच फुलपाखरू काढलेले आहे, असे गुरुजींनी सांगितले.

त्याचे पंख नारिंगी असतात. कडा काळी असते व तिच्यावर पांढरे ठिपके असतात. मागच्या पंखावर मधोमध मादीला ३ काळे ठिपके असतात आणि नराला ४. दुसरे एक फुलपाखरू ह्याचे सोंग घेते. पण तिथे त्याला एकच ठिपका असतो. म्हणून गुरुजी म्हणतात, "आधी ठिपके मोजा, मग नाव सांगा."

श्रावणात शनिवारी आम्ही मारुतीला रुईच्या पानांचा हार करतो. पाने तोडताना मला एका पानाखाली बारीक पांढरे अंडे दिसले. ते पान मी तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी अळी निघाली. ती मोठी झाली तेव्हा तिच्या अंगावर काळे, पिवळे, पांढरे पट्टे होते आणि शिंगांच्या ३ जोड्या होत्या. ती दिवसभर रुईची पाने खायची. रुईचा चीक विषारी असतो. त्याने अळी कडू होते आणि तिचे फुलपाखरूही कडू होते. म्हणून पक्षी त्याला खात नाहीत. ते आरामात हळूहळू उडते.

मग अळीचा हिरवा कोष झाला. त्यावर सोनेरी ठिपके होते. तेवढ्यात बाबा धुरा साफ करायला कुऱ्हाड घेऊन आले. म्हणाले, "रुई काहून ठेवाची? ढोरंबी तोंड लावत नाहीत."

मी त्यांना कोष दाखवला. बाबा वाकून खूप वेळ पाहत राहिले. म्हणाले, "बरं, पाखरू उडालं की तोडतो."

दहाव्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर आले. पंख ओले होते. ते वाळेपर्यंत मी ठिपके मोजले. ३ होते!

मी म्हटले, "बाबा, ही मादी आहे. हिला अंडी घालायला रुई लागते."

बाबा हसले. "मंग राहू दे," म्हणाले. बाकीचा धुरा साफ झाला, पण ती रुई अजून उभी आहे.

मित्रांनो, हारासाठी पान तोडण्याआधी ते उलटून पाहा. आणि चिकाचा हात डोळ्यांना लावू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी