काठाकाठाने मेणवलीकडे

लहान मुलांना घेऊन गड चढण्यापेक्षा नदीच्या काठाने चालावं, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. गडाला माथा असतो आणि तो गाठायचा असतो. वाटेत मूल मुंगळा बघायला उकिडवं बसलं की मोठ्यांच्या तोंडून 'चला, चला' सुटतंच. नदीकाठी तसली घाई लागत नाही. जिथे मूल बसेल तिथे नदी आहेच.

आमची वाट वाई ते मेणवली. माझं आजोळ वाईचं, म्हणून ही वाट पायाखालची. अंतर तीनेक किलोमीटर. एकट्या माणसाला पाऊण तास, सात आणि चार वर्षांच्या पोरांना अख्खी सकाळ. दिवाळी झाली, पाण्यातला गढूळपणा खाली बसला की निघायचं. काही ठिकाणी काठाने, काही ठिकाणी उसाच्या बांधावरून आणि मधे सरळ गाडीरस्त्याने, कारण काठ सलग चालण्याजोगा उरलेला नाही. पिशवीत दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि दोघांचे कोरडे कपडे. कपडे भिजणार हे गृहीतच धरायचं.

निघण्याआधी मी मुलांना ढोल्या गणपतीच्या मागे नेते. पुढून सगळेच दर्शन घेतात, मागची भिंत बघायला फारसं कुणी जात नाही. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, एवढ्यासाठी. धाकट्याने भिंतीला दोन्ही तळवे लावले आणि 'पाणी इकडून, पाणी तिकडून' म्हणत टोकाच्या अल्याड-पल्याड पळत सुटला. स्थापत्याचा तो धडा त्याला तेवढ्यात कळला. मला मात्र तिथे नेहमी बांधणाऱ्यांचं कौतुक वाटतं. नदी देवळात येणार, हे त्यांना ठाऊक होतं. तिला अडवायचा विचार त्यांनी केला नाही. तिने कुठून जावं तेवढं पाहिलं.

वाटेत एका उथळ जागी आम्ही हमखास थांबतो. तिथे निवळ्या पाण्यावर सरसर पळतात, काठावर खंड्या तारेवर बसून असतो आणि मुलांचे बाबा चपटे दगड वेचून पाण्यावर भाकऱ्या काढायला शिकवतात. यंदा मोठीला लव्हाळ्याच्या पात्यावर काहीतरी चिकटलेलं दिसलं. तपकिरी, सहा पायांचं, कागदाइतकं हलकं. पाठीवर उभी चीर, आणि चिरेतून बाहेर आलेले पांढरे बारीक धागे. 'मेलाय का?' तिने विचारलं. मेला नव्हता, निघून गेला होता. ती चतुराची कात होती. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, पाण्यातले किडे, डासांच्या अळ्या खातं, आणि दिवस भरले की एखाद्या पात्यावर चढून पाठ उकलून बाहेर पडतं. ते पांढरे धागे त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर. मोठीने ती कात तळहातावर घेतली आणि श्वास रोखून उभी राहिली, उडून जाईल म्हणून. मग वर उडणाऱ्या चतुरांकडे बघून म्हणाली, 'म्हणजे हे सगळे आधी पाण्यात होते?' नदीला धरून किती जीव जगतात, हे पुस्तकातल्या धड्यात तिने वाचलेलं होतं. पण पात्यावरून डोळे वर नेताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते धड्याने उमटलं नसतं.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, मेणेश्वराच्या घाटावर १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आलेली पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर मेरीची आकृती आहे. मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मुलांनी घंटा पाहिली आणि घाटाकडे धाव घेतली.

खरं तर त्यांचंच बरोबर. घाटासारखी शहाणी वास्तू मला दुसरी माहीत नाही. पाणी कितीही उतरो की चढो, कुठली ना कुठली पायरी पाण्याला लागून असतेच. आषाढात वरची, वैशाखात तळाची. चार वर्षांच्या मुलालाही बसल्या बसल्या पाण्यात पाय सोडता येतात. हल्ली आपण नदीकाठी उंच सिमेंटच्या भिंती घालतो आणि त्याला नदीचं सुशोभीकरण म्हणतो. भिंतीवरून नदी दिसते, हाताला लागत नाही.

धुणं धुणाऱ्या एका आजींचं मुलांवर लक्ष होतं. 'ए बाळा, तितं शेवाळ हाय, घसरशील. ह्या पायरीव बस,' त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, 'हात सोडू नगा पोरांचा. वर धरान हाय, पाणी कवा वाढंल सांगता येत न्हाई.' वर धोमचं धरण. शेवाळ कुठे धरतं, कुठली पायरी हलते, पाणी वाढू लागलं की आधी काय बुडतं, हे त्यांना रोजच्या येण्याजाण्यातून ठाऊक. मुलांना पाण्याची भीती असावी, पण ती अशी, ओळखीतून आलेली.

पुण्याला परतल्यावर पुढच्याच आठवड्यात पुलावरून जाताना मोठीने विचारलं, 'इथे खाली उतरायच्या पायऱ्या कुठे आहेत?' तोवर मुठा तिच्यासाठी नाकाला रुमाल लावून ओलांडायची गोष्ट होती. पायऱ्या आहेत. मी तिला वृद्धेश्वर-सिद्धेश्वर घाटावर घेऊन गेले. ती शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत उतरली, चपला काढल्या, पाण्याकडे पाहिलं आणि चपला पुन्हा घातल्या.

'हे असं कोणी केलं?'

मी तिला खरं ते सांगितलं. आपल्या न्हाणीघरातलं, मोरीतलं, संडासातलं पाणी पाइपातून जातं. ते शुद्ध करून मग नदीत सोडायचं असतं, पण सगळं शुद्ध होत नाही. या शहरात लाखो घरं आहेत, त्यातलं एक आपलं. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र मोरीच्या जाळीपाशी बसून धाकट्याला सांगू लागली की हे पाणी कुठे जातं ते आपण बघायला जायचंय. इमारतीच्या मागच्या चेंबरपासून सुरुवात करू म्हणतेय. येत्या रविवारी सोसायटीच्या प्लंबरकाकांना विचारून आम्ही निघणार आहोत.