गाडीचा हात

आमच्या घरात एक मोटार आहे. ती कुणी पाहिलेली नाही. पण आई लग्न होऊन सोलापूरला आली ती ही मोटार बरोबर घेऊनच. "बालाघाटला आमच्या आजोबांकडे मोटार होती," हे वाक्य तिने इतक्या वेळा उच्चारले आहे, की ती पिशवी घेऊन बाजाराला निघाली की माझी अज्जी मुद्दाम विचारते, "कार एल्लैती?" कुठे आहे गं तुझी कार? सगळे हसतात. आईही हसते. मात्र तिचे हसणे इतरांच्या मागून, जरा उशिराने येते, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी अकरावीत होतो.

गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो. नागपूर, गोंदिया आणि मग बालाघाट. गोंदियाहून जबलपूरला जाणारा हा मार्ग एकेकाळी अवघ्या अडीच फूट रुंदीचा होता. आता ब्रॉडगेज झाला आहे. गाव वैनगंगेच्या काठी, जवळच भरवेलीची मँगनीजची खाण. लोक बाजारात हिंदी बोलतात आणि घरात मराठी, तीही अशी, की माझी सोलापुरी मराठी ऐकून मामेभावंडे तोंडावर हात ठेवतात. घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या मला तिथे तिसरीच शिकावी लागते.

आजोबा ऐंशीचे झाले. मामा त्यांना कायमचे नागपूरला नेणार, म्हणून माळा रिकामा करायचे काम माझ्याकडे आले. एका पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचा खाकी कोट, मँगनीजचा एक काळा जड दगड आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. वीतभराहून थोडी लांब, चपटी लोखंडी पट्टी. तिच्या खोबणीत एक दांडी मिटलेली, दांडीच्या दोन्ही अंगांना नारिंगी काचेसारखे काहीतरी, आणि खालच्या टोकाला तारेचे वेटोळे भरलेली नळी. दांडी नखाने उचलली की वस्तऱ्यासारखी उघडे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अशा वस्तूपुढे एकच प्रश्न सुचतो: ही कोणत्या खात्यात धरायची? मामा म्हणाला, "रेल्वेच्या सिग्नलचं खेळणं असंल. काहून ठेवलं कोण जाणे! कबाडीवाल्याले देऊन टाक." शेजारच्या काकूंना तो शिलाई मशीनचा भाग वाटला. मोबाइलवर फोटो टाकून शोधले, तर त्याने आधी वस्तरा दाखवला आणि मग दाराची कडी. आजोबांना विचारले, "आजोबा, हे काय आहे हो?" त्यांनी एकदा पाहिले. "मोटारीचं आहे ते. राहू दे," म्हणाले आणि कूस वळवून झोपले. दुपारची झोप त्यांना येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मात्र मला राहवेना. आईची मोटार खरी होती! रॉकेलचा बोळा घेऊन गंज पुसला, तेव्हा अक्षरे दिसू लागली. 'लुकास', खाली 'मेड इन इंग्लंड', एका कडेला 'एसएफ 80' आणि '12'. लुकास ही बर्मिंगहॅमची कंपनी, मोटारींचे दिवे आणि विजेचे सामान करणारी. बारा म्हणजे बारा व्होल्ट. लढाईपूर्वीच्या पुष्कळशा लहान गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असे, हे मला नंतर कळले.

गोंदिया रस्त्यावर एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "बेटा, ये गाडी का हाथ है," म्हणाले, आणि आपला उजवा हात कोपरापासून बाहेर काढून दाखवला. पूर्वी मोटारीला लुकलुकणारे दिवे नव्हते. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबात हा हात बसवलेला असे. ड्रायव्हरने बटण फिरवले की वेटोळ्यातून वीज जाई, आतला लोखंडी दट्ट्या खाली ओढला जाई आणि हात आडवा बाहेर येई; आला की त्यातला छोटा दिवा लागे. वीज बंद झाली की हात आपल्या वजनाने खाली पडे. इंग्रजीत त्याला 'ट्रॅफिकेटर' म्हणत. मामाचा रेल्वे सिग्नल अगदीच चुकीचा नव्हता तर! इंग्लंडात मॉरिस मायनर गाडीला हे हात 1961 पर्यंत होते.

पण गाडी कोणती? मिस्त्रींनी एकेक नाव खोडायला सुरुवात केली. जीप नाही, कारण तिला असा खांबच नाही. अँबॅसडरही नाही, ती पुढची. अखेर ते म्हणाले, "हिंदुस्तान फोर्टीन होगी." ही गाडी बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सची. कंपनी 1942 साली गुजरातेत पोर्ट ओखा येथे निघाली आणि 1948 मध्ये कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. फोर्टीन म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा हिंदी अवतार. 1954 च्या सुमारास तिच्या जागी लँडमास्टर आली आणि मग अँबॅसडर, जी 2014 पर्यंत निघत होती. मिस्त्रींनी सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला, तुटलेली तार जोडली आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी अंगणात मामाच्या स्कूटरच्या बॅटरीला तारा लावल्या. खट्‌ आवाज झाला आणि हात वर आला. दिवा लागला नाही, पण हात मात्र ताठ. आजोबा खाटेवर उठून बसले.

"हिंदुस्तान चौदा," ते म्हणाले. मी मिस्त्रींचे नावही काढले नव्हते. मग बराच वेळ हाताकडे पाहून म्हणाले, "गाडी आपली नव्हती रे. मँगनीजच्या ठेकेदाराची होती. बाबा डायव्हर होते. रविवारी धुवाले घरी आणत, तवा मी मागं बसाचो. हा हात अटकून राहाचा, खालीच येत नव्हता. आतून खांबावर बुक्की माराची, हे माझं काम. शेवटी मालकानं नवा बसवला, जुना बाबांनी ठेवून घेतला." थोडे थांबून पुढे म्हणाले, "शाळेत पोरांना मी सांगितलं, मोटार आमची आहे म्हणून. बाबांच्या कानावर गेलं. ते काही बोलले नाहीत. मग माझ्या पोरीलेही तेच सांगितलं."

मामा तारा धरून तसाच उभा राहिला. त्यालाही हे नवीन होते.

रात्री आईचा फोन येणार, हे मला माहीत होते. तिला सांगावे की नाही, यावर मी जेवणभर विचार केला. मागे अज्जीचा आवाज येत असेल, मोबाइल स्पीकरवर असेल, हे सगळे डोळ्यांपुढे आले. शेवटी आजोबांनीच माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला सगळे सांगितले. माझ्यापेक्षा कमी शब्दांत. पलीकडे शांतता. मग आईने विचारले, "बाबा, तो हात अजून वर होतो का?"

व्हिडिओ लावला. मामाने पुन्हा बॅटरी जोडली. हात वर आला. आईने काही न बोलता मोबाइल अज्जीपुढे धरला असावा, कारण पडद्यावर एकदम अज्जीचा चष्मा दिसला. तार काढली, तरी हात खाली येईना. आजोबा खाटेवरून वाकले आणि पट्टीवर बुक्की मारली.